शेरा

मार्च संपायला चार दिवस, आणि जत्राट वेशीकडचा
माझा वॉर्ड निम्मा कोरा.
खांद्याला पिशवी, पिशवीत नोटिसा, नोटिशीत कन्नड,
आणि ती वाचून सांगायला मी.
पगार एकाच भाषेचा मिळतो, जिभा दोन लागतात.

चंपाबाई सौंदलगेकर. दोन खोल्या,
पुढं पत्रा, मागं न्हाणी.
थकबाकी चार वर्षांची, वर महिन्याला चढणारं व्याज.
उंबऱ्यात बसलेल्या, मांडीवर सूप,
सुपात तंबाखू आणि कापलेली पानं.
विड्या सोडा, डॉक्टरांनी सांगितलंय.
बोटांना अजून कुणी सांगितलेलं नाही.

मी वाचलं : मने तेरिगे, बाकी इतकी,
एळु दिनदोळगे, म्हणजे सात दिवसांच्या आत.
त्यांनी ऐकून घेतलं,
लांबच्या पाव्हण्याची मयत ऐकावी तसं,
मान हलवत, दोऱ्याची गाठ न सोडता.

मग म्हणाल्या, 'असं करा की,
मी हाय तवर मला मागू नका.
मी गेल्यावर घराला मागा.
घर काय पळून जातंय व्हय?
पोरगी गडहिंग्लजला, ती काय ऱ्हायला यायची न्हाई.
इकंल. इकताना पयला तुमचा वाटा काढून घ्या,
याजासकट घ्या.
बुडवा म्हणत न्हाई मी. म्होरं ढकला म्हणते.'

मी म्हटलं, मावशी, तसा रकाना नाही आमच्याकडं.

'मग पाडा की एक.
पट्टी तुमचीच हाय न्हवं?'

हसू आलं, ते पिशवीत घातलं.
याच गल्लीच्या तोंडाला तंबाखूची वखार आहे,
तिची बाकी या घराच्या साठपट,
अकरा वर्षं तारखेवरून तारखेवर चाललीय.
तिला कुणी म्होरं ढकलणं म्हणत नाही.
तिला स्टे म्हणतात.

नोटीस चिकटवायला मी डिंकाची बाटली काढली
आणि चौकटीकडं पाहिलं.
चुन्याची जुनी अक्षरं, पावसानं निम्मी खाल्लेली :
वर कन्नडमध्ये 'नाळे बा',
खाली आपल्यात 'उद्या ये'.

मी शाळेत होतो त्या साली.
रात्री ती दारोदार यायची म्हणत,
ओळखीच्या आवाजात हाक मारायची,
ओ दिली की माणूस संपला.
मग सगळ्या निपाणीनं दारावर लिहिलं,
वाचेल, परत जाईल, उद्या पुन्हा वाचेल.
आमच्या दारावरही होतं, वडलांच्या हातचं,
फक्त कन्नडमध्ये. चंपाबाईंच्या मालकांनी मात्र
दोन्हीत लिहिलेलं.
'भूत कुठल्या शाळेत गेलतं कुणाला ठावं,'
त्या म्हणाल्या. 'कवा पुसलंच न्हाई मग. कशाला पुसा?'

मी तिथं उभा.
ओळखीच्या आवाजात हाक मारून आलेला,
बोटाला डिंक,
आणि दोन्ही भाषा वाचता येणारा.

नोटीस घडी करून पिशवीत ठेवली.
रजिस्टर गुडघ्यावर घेतलं,
शेऱ्याच्या रकान्यात कन्नडमध्ये लिहिलं :
घराला कुलूप. मालक भेटले नाहीत.

'काय लिवलासा?'
'नाळे बा,' मी म्हटलं.
त्यांनी सुपातली एक विडी उचलली, माझ्यापुढं धरली.
मी ओढत नाही. तरी घेतली, खिशात ठेवली.

याचं व्याज थांबत नाही, हे मला माहीत आहे.
जूनमध्ये दुसरी नोटीस निघेल,
आणि वॉर्ड माझाच असेल.

गल्लीच्या वळणावर मागं वळून पाहिलं.
भर दुपार, सगळ्या दारांना नुसते पडदे.
चंपाबाई सूप उचलून आत गेल्या,
आणि ते दार, जे मी कधी बंद पाहिलं नव्हतं,
हळूच लागलं. आतून कडी.
माझं खोटं पडू नये म्हणून.